दाराआडचा किनारा

आमच्या सोनगीरच्या घरात समुद्र पहिल्यांदा आला तो आमसुलांच्या पुडीतून. दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आल्या. त्यांच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली वर्तमानपत्रात बांधलेली एक काळपट, ओलसर पुडी होती. आमच्याकडे तांब्याची भांडी चिंचेने घासत. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात देवघरातला गडू आमसुलाने घासला आणि तो असा निघाला, की नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातोडी खाली ठेवून तो उन्हात धरून पाहिला. नाना तांबट. आमच्या गल्लीत सकाळी भाकरी थापल्याचा आवाज विरतो न विरतो तोच तांब्यावरचे ठोके सुरू होत, ते दिवे लागेपर्यंत. घरात कुणी हळू बोलतच नसे. वहिनी मात्र हळू बोलायच्या, म्हणून आम्हाला त्यांचं अर्धंच ऐकू यायचं, आणि उरलेलं अर्धं ऐकावं म्हणून मी त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागलो. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

त्या कोकणातल्या. खाडीकाठच्या एका लहान गावात त्यांच्या वडिलांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. आमच्या समाजाची घरं अशी कुठं कुठं विखुरलेली असतात आणि सोयरिकी दूरवर जुळतात, त्यात हीही जुळली. इथं आल्यावर त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आवडली, वांग्याचं भरीत तर फारच आवडलं. मात्र शेवभाजीचा पहिला घास घेतल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी रडत नाहीये हं, हे तिखटाचं आहे." दादा हसला. मला मात्र उगाच वाटत राहिलं, की थोडं खरंच रडणंही त्यात असावं. माझा स्वभावच तसा. कुणाच्या ताटात काही उरलं तरी मला आपलंच काही चुकलं असं वाटतं. आज पन्नाशी उलटून गेली, तरी त्यात फरक पडलेला नाही.

मी तेव्हा धुळ्याला चित्रकलेच्या वर्गात जात होतो. रोज सोनगीरहून एसटीने जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. आमच्या सरांनी एकदा छापचित्राचं प्रकरण शिकवलं. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ लेप द्यायचा, तो दिव्याच्या काजळीवर धरून काळा करायचा, सुईने त्यावर चित्र ओरखडायचं आणि पत्रा तेजाबात सोडायचा. जिथं लेप खरवडला तिथं तेजाब तांबं खातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओला कागद ठेवून दाबायचं. सर हे सगळं फळ्यावर काढून सांगत होते, कारण छपाईचं यंत्र वर्गात नव्हतं. बाकीची मुलं जांभया देत होती. मी मात्र सरसावून बसलो, कारण त्या फळ्यावरच्या निम्म्या गोष्टी आमच्या घरात होत्या. आंबट तांब्याला खातं, हे तर आमच्या घरात लहान पोरालाही माहीत. म्हणून तर कल्हई करायची.

नानांकडे सपाट पत्रा मागितला तेव्हा त्यांनी हातोडी थांबवली. "आपन सपाटनं खोल करतस," ते म्हणाले, "आनि तुले सपाटनं सपाटच पाहिजे?" पण त्यांनी दिला. हंड्याच्या बुडातून उरलेली कापणी, ठोकून, घासून अशी आरशासारखी केलेली, की माझं नाक त्यात दिसत होतं. दाभणाचं टोक सहाणेवर घासून मी सुई केली. तेजाब आणि यंत्र, दोन्ही मिळाली ती धुळ्याच्या सराफ गल्लीत, आबा सोनारांकडे. सोनं तपासायला त्यांच्याकडे तेजाब असेच, आणि सोन्याची पट्टी काढायचं हाताने फिरवायचं एक लहान यंत्र होतं. एकावर एक दोन लोखंडी रूळ, आणि मधली फट वरच्या चाकाने कमीजास्त करायची. त्या रुळांची रुंदी चार बोटं. म्हणून माझं चित्रही चार बोटं उंच आणि वीतभर लांब, यापेक्षा मोठं होणं शक्यच नव्हतं. पुढे जळगावच्या प्रदर्शनात एका पाहुण्याने मला विचारलं होतं, की तुमची सगळी चित्रं अशी अरुंद पट्टीसारखी का असतात, यामागे काय विचार आहे. मी काहीतरी विचार सांगितलाही. खरं कारण आबांचे रूळ.

दाब सारखा बसावा म्हणून कागदावर मऊ काहीतरी लागतं. मी धनगरी घोंगडीचा तुकडा नेला. आबा चष्म्यावरून बघून म्हणाले, "या यंत्रातून आजवर सोन्याखेरीज काही गेलेलं नाही. तू घोंगडी घालतोस? उद्या मेंढीच घेऊन ये." तरी त्यांनी दांडा स्वतःच फिरवला, मला हात लावू दिला नाही.

काय काढायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. वहिनी आल्यापासून माझ्या डोक्यात समुद्रच होता. मी तो पाहिलेला नव्हता. आमच्या घरात कुणीच पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे पांझरा नदी, आणि पांझरा म्हणजे बहुतेक वर्षभर वाळू. म्हणून मी विचारत सुटलो. पाण्याला कडा असते का? "असते, पण एका जागी नसते." मग ती ओळखायची कशी? "पाय ओले झाले की ओळखायची." ओहोटीचं तर कुणाला पटेचना. नाना जेवता जेवता थांबून म्हणाले, "ते पानी रोज जास कथा?" कुठं जातं, याला उत्तर म्हणून वहिनींनी हात पसरले, जणू त्यांनीच ते कुठंतरी ठेवलंय आणि आता सापडत नाही. एकदा आम्ही सगळे गावच्या किल्ल्यावर गेलो होतो. खाली महामार्गावरून ट्रकांची रांग चालली होती आणि तो घोंघावणारा आवाज वर येत होता. मी विचारलं, समुद्राचा आवाज असा असतो का. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "थोडा असाच. पण तो मध्ये श्वास घेतो, हा घेत नाही." त्यानंतर महामार्गाचा आवाज ऐकला की मला दम लागल्यासारखं व्हायचं.

मग एका दुपारी त्यांच्या भावाकडून निरोप आला. वडील आधीच गेले होते, आई लग्नाच्या आदल्या वर्षी गेली होती. आता भावाने दुकान बंद करून घर विकलं होतं आणि तो शहरात राहायला गेला होता. घेणारा घर पाडून नवं बांधणार होता. वहिनींनी निरोप ऐकला, आत जाऊन बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ घाटायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत घाटतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी पत्र्याला काजळी धरत होतो तेव्हा त्या स्वतःहून येऊन बसल्या.

"भाऊजी, तुम्ही एवढं विचारता. आमचं घर काढाल का? फोटो एकही नाही हो. कुणाला सुचलंच नाही काढायचं."

मी हो म्हणालो. आणि त्या क्षणापासून माझ्या सुईला घाम यायला लागला. आतापर्यंत माझं चित्र चुकलं असतं तर समुद्राचं काही बिघडणार नव्हतं. आता चुकलं, तर या बाईचं माहेर कुठंच उरणार नव्हतं.

मी फार काळजी घेतली. समोरासमोर बसलं तर त्यांचं डावं ते माझं उजवं होईल आणि घोटाळा होईल, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मी त्यांच्या शेजारी, त्यांच्याच दिशेला तोंड करून बसलो. त्यांनी डोळे मिटले. धक्क्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, असं त्यांनी सांगितलं, म्हणजे गाव दिसतं. मग एकेक हात उचलून त्या दाखवू लागल्या. डावा हात: खाडीचं तोंड, सुरूची झाडं, वाळूवर ओढलेल्या होड्या. उजवा हात: टेकडी, टेकडीवर पांढरं देऊळ, देवळाखाली उतरत आलेली कौलं, आणि त्यातलं पिंपळाजवळचं, थोडं वाकलेलं कौल त्यांचं. मी तसंच काढत गेलो. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. कौल किती वाकलेलं, त्याची वळचण किती खाली, हे मी एवढ्यांदा विचारलं की शेवटी त्या म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगा, मला तुमचंच खरं वाटायला लागलंय."

छापताना चित्र उलटं उमटतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सरांनी शिकवलं होतं. पण त्यांनी हेही सांगितलं होतं, "अक्षरं असतील तर तेवढी उलटी लिहा. डोंगर-झाडांना डावं-उजवं नसतं." आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं. धुळ्याजवळचा लळिंगचा डोंगर उलटा छापला तरी डोंगरच दिसे, कुणी ओळखत नसे. मी पत्र्याच्या कोपऱ्यात माझं नाव मोठ्या हुशारीने उलटं कोरलं, आणि गाव सुलटं.

तेजाबात पत्रा सोडला तेव्हा रेघांवर बारीक बुडबुडे धरले आणि पाणी हिरवं-निळं होत गेलं. समुद्राच्या रंगाबद्दल वहिनी जे सांगत ते हेच असावं, असं मला वाटलं. आबांनी कोंबडीच्या पिसाने बुडबुडे सारले. लांबच्या टेकडीला मी लवकर बाहेर काढून लाखेने झाकलं, म्हणजे तिची रेघ हलकी राहिली. जवळच्या होड्या जास्त खोल खाऊ दिल्या. मग शाई, मग ओला कागद, मग घोंगडी. आबांनी दांडा फिरवला. कागद उचलताना तो पत्र्याला किंचित चिकटून सुटतो, आणि त्या सुटण्याचा एक बारीक आवाज असतो. तो मी आयुष्यात पुष्कळदा ऐकला, पण पहिल्यांदाचा तो विसरलो नाही. चार बोटांचं गाव त्या कागदावर उभं होतं. आबा म्हणाले, "जाऊन आल्यासारखं वाटतंय रे."

घरी आणून मी ते आधी नानांना दाखवलं. त्यांनी लांब धरून पाहिलं. "हाई गाव शे ना? मग मानूस कथा शे? बठ्ठं पानी आनि घरंच काढं का?" मी म्हणालो, माणसं फार बारीक निघाली असती. ते मान हलवत राहिले. मग वहिनींनी हात पुसून कागद घेतला. पाहता पाहता त्यांचं बोट चित्रावर न टेकता फिरू लागलं, एका बाजूला गेलं, थांबलं, परत आलं. मग त्यांनी कागद खिडकीच्या उजेडासमोर धरला, पाठीमागून पाहिला, पुन्हा पुढून पाहिला. मला वाटलं, त्या कागदाचा पोत बघतायत. "छान झालंय, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. त्या दिवशी ठेच्यात मीठ दोनदा पडलं. दादा दोन तांबे पाणी प्यायला.

काही दिवसांनी ते चित्र मला त्यांच्या खोलीत दिसलं. खोलीचं दार आत उघडतं. उघडल्यावर त्याच्या मागे भिंतीचा एक पट्टा झाकला जातो, तिथं. दर्शनी भिंत मोकळी होती, कॅलेंडरला खिळाही होता. तरी चित्र दाराआड. मी समजायचं ते समजलो. घर जमलं नव्हतं, आणि माझं मन राखायला त्यांनी ते फेकून दिलं नव्हतं, एवढंच. मी पुन्हा कधी विचारलं नाही. काय चुकलं ते नाही, आणि समुद्राबद्दलही नाही. एवढा बडबड्या दीर एकदम गप्प का झाला, असं त्यांना वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात तेव्हा आला नाही. माझ्या डोक्यात फक्त मी होतो.

पुढे मला जळगावच्या शाळेत चित्रकलेची नोकरी लागली. यंत्र मी बनवून घेतलं, रुंद रुळांचं, तरी हात चार बोटांतच काढत राहिला. कॅलेंडरं पाहून, लोकांच्या सहलीचे फोटो मागून मी किनारे काढत राहिलो. ते लोकांना आवडले, विकलेही गेले. केळीच्या बागांत राहून हा माणूस समुद्र कसा काढतो, याचं लोकांना नवल वाटे. प्रत्येक वेळी कौतुक ऐकलं की दाराआडचा तो कागद आठवे. प्रत्यक्ष त्या गावी जावं असं मला कितीदा वाटलं, आणि प्रत्येक वेळी शाळेची तपासणी आहे, परीक्षा आल्यात, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं. खरं तर भीती होती.

अखेर दोन वर्षांपूर्वी गेलो. धक्का अजून आहे. मी समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो आणि चक्रावलोच. पहिल्यांदा वाटलं, गाव चुकलं. मग टेकडी दिसली, देऊळ दिसलं, सगळं होतं, वहिनींनी सांगितलं तसंच होतं. पण माझ्या छापात टेकडी डाव्या हाताला होती, आणि इथं ती उजव्या हाताला होती. खाडी इकडची तिकडे. मी काय केलं होतं ते मला तिथं, भर उन्हात, त्या धक्क्यावर कळलं. डोंगर-झाडांना डावं-उजवं नसेल, पण ज्याचं घर त्यात आहे त्याला असतं. मी त्यांचं घर उचलून खाडीपलीकडे नेऊन ठेवलं होतं. घर आता नव्हतंच, तिथं दुमजली पक्की इमारत होती. पिंपळ होता. समुद्र मध्ये मध्ये श्वास घेत होता. इतक्या वर्षांनी भेट झाली आणि मी त्याच्याकडे पाठ करून रडत बसलो.

परत येऊन मी नवा पत्रा घेतला. या वेळी आरसा लावून, प्रत्येक गोष्ट उलटी कोरली, म्हणजे छापात सुलटी यावी. इमारत काढली नाही, वाकलेलं कौलच काढलं. छाप वाळल्यावर फ्रेम करून सोनगीरला गेलो. नाना आता नाहीत. दादा ओसरीवर बसला होता. आयुष्यभर ठोके ऐकून त्याचे कान गेले आहेत, त्यामुळे त्याच्याशी बोलणं म्हणजे गल्लीशी बोलणं. "वहिनी कुठंय?" असं मी ओरडलो. त्याने त्याहून मोठ्याने सांगितलं, "मधी शे, मधी! वरडू नको!"

वहिनी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. केस पांढरे झालेत, पण वेणी अजून तशीच. मी फ्रेम पुढे केली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सरांनी काय शिकवलं, मी काय केलं, धक्क्यावर काय दिसलं. त्यांनी नवं चित्र नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे पोटात घेऊन फिरत होतात एवढी वर्षं? म्हणून गप्प झालात होय! मला वाटलं, घर काढून झालं, आता वहिनीचं काय काम."

मी फ्रेम पलंगाला टेकवून ठेवली.

"वाईट वाटलं होतं मला," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. आपलं घर कुणी पलीकडच्या काठाला नेलं, असं झालं. ट्रंकेत ठेवून दिलं होतं. मग एकदा वेणी घालता घालता सहज हातात घेतलं..." त्यांनी बोलणं अर्धवट सोडलं आणि दार लोटलं. दाराआडचा तो पट्टा उघडा पडला. कागद पिवळट झाला होता, पण शाई तशीच काळी होती. समोर, दुसऱ्या भिंतीला, त्यांच्या कपाटाचा आरसा होता. "इथं या. चित्राकडे नाही, पाठ करा त्याला. हं, आता आरशात बघा."

टेकडी उजव्या हाताला होती. खाडी डाव्या हाताला होती. देवळाखाली वाकलेलं कौल होतं, आणि त्या सगळ्याच्या पुढे, माझ्या बाजूला, वहिनी उभ्या होत्या.

"सकाळी वेणी घालायला दार लोटते," आरशातूनच त्या म्हणाल्या. "वेणी होईस्तोवर तिथंच असते मी."

गाव आहे, मग माणूस कुठंय, हा नानांचा जुना प्रश्न मला तेव्हा आठवला. मी तो त्यांना सांगितला आणि आम्ही दोघं इतकं हसलो, की ओसरीवरून दादा ओरडला, "काय व्हयनं रे? आरसा फुटना का?"

मी खिळ्यावरून जुना कागद काढायला हात लावला, नवा तिथं लावावा म्हणून. वहिनींनी हातावर चापट मारली. "ते राहू द्या. हे सुलटं लावलं तर आरशात पुन्हा घर पलीकडे जाईल. हे बाहेर लावा, आल्यागेल्याला." मग पलंगावर बसत त्या म्हणाल्या, "चूक एकच झाली तुमची, भाऊजी, आणि ती ही नव्हे. धक्क्यावरून घर कसं दिसतं तेवढंच तुम्ही विचारत राहिलात. घरातून काय दिसायचं, ते कधी विचारलंच नाहीत."

बाहेर गल्लीत कुणाचे तरी ठोके चालू होते. आता तिथं तांबटाचं तेवढं एकच घर उरलंय. मी खिशातून पेन्सिल काढली, नव्या चित्राची फ्रेम उलटी करून तिचा पुठ्ठा मांडीवर घेतला आणि त्यांच्या शेजारी, त्या बसल्या होत्या त्याच दिशेला तोंड करून बसलो.

"विचारतो," मी म्हणालो. "मागच्या दारात उभं राहिलं की काय दिसायचं?"

वहिनींनी डोळे मिटले आणि डावा हात उचलला.